निवडीच्या शाळेबाहेरची झाडं

सावेडी, अहिल्यानगर
(पाकिटावर नवं नाव घातलं आहे. तू आणि पोस्टमन दोघंही 'नगर'च म्हणणार, त्याला माझी हरकत नाही.)

आसाराम यास रामहरीचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार.

(तू माझ्याहून काही महिन्यांनी मोठा, त्यामुळे वाकणं आलं. आत्याने तुला थोडी घाई करून जन्माला घातलं आणि त्या घाईचा मान मी सत्तरीला टेकलो तरी देतो आहे.)

गुडघे कसे आहेत? फोनवर विचारलं की तू 'बरं हाय' म्हणतोस आणि मागून चांगुणावहिनी ओरडतात, 'काय बरं हाय? वट्यावर चढायला दोघं लागत्यात!' डॉक्टरांनी वाटी बदलायला सांगितली आहे आणि तू 'आधी ऊस जाऊ द्या' म्हणून बसला आहेस, असंही त्यांच्याकडूनच कळलं. अरे, ऊस जाईल. दरवर्षी जातो. गुडघा एकदाच जातो. राजनंदिनीची बारावी कशी चालली आहे? नातीला माझा आशीर्वाद सांग आणि अभ्यासाबद्दल काही विचारू नकोस, त्या वयात आजोबांनी विचारलेलं आवडत नाही. इकडे सुरेखाचा रक्तदाब वर आणि माझी साखर त्याच्याही वर. कारखाने सगळे तुम्हा कोपरगावकरांकडे आणि साखर मात्र माझ्याकडे, असा हा जिल्ह्याचा न्याय आहे.

आता तू म्हणशील, हातात मोबाईल असताना हा शहाणा पत्र का लिहितो. कारण उघड आहे. मी फोनवर शाळेचा विषय काढला की तुझी रेंज जाते. वहिनींशी बोलताना जात नाही, जावयाशी बोलताना जात नाही, तासभर ट्रॅक्टरच्या टायरवर बोलतोस तेव्हाही जात नाही. मी 'शाळा' म्हटलं की गोदावरीकाठचे सगळे टॉवर एकदम आडवे होतात. पत्राला रेंज लागत नाही. फाडून टाकलंस तरी फाडण्यापूर्वी थोडं वाचशील, एवढी तुझी चौकस बुद्धी मला माहीत आहे.

तर आपली निवडीची शाळा (बरं, माझी. रागावू नकोस) पंचाहत्तर वर्षांची होते आहे. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी अमृतमहोत्सव आहे आणि मे महिन्यात शाळा बंद होणार आहे. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत ठरल्या. आधी मांडव किती फुटी घालायचा यावर चर्चा झाली, मग चहा झाला, मग संस्थेच्या सचिवांनी घसा साफ करून सांगितलं की पुढच्या जूनपासून वर्ग भरणार नाहीत. ज्या शाळेत चाळीस जागांसाठी चारशे पोरं उन्हात उभी राहायची, तिथे यंदा निवड परीक्षेला अकरा जण आले. त्यातले दोघे चुकून आले होते, त्यांना शेजारच्या आयटीआयला जायचं होतं. उरलेल्या नऊ जणांना न तपासता घेतलं. हेडसर असते तर त्यांनी संस्थेलाच नापास केलं असतं.

या शाळेचा इतिहास लिहायचं काम माजी विद्यार्थी मंडळाने माझ्या गळ्यात घातलं. मी बँकेत नोकरी केली, म्हणजे मला लिहिता येत असणार, असा त्यांचा समज. वास्तविक मी आयुष्यभर फक्त 'आपला अर्ज विचाराधीन आहे' एवढं एकच वाक्य लिहिलं. पण आमच्या शाळेतल्या माणसाला 'येत नाही' असं म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. हेडसरांचा तो पहिला नियम होता. 'येत नाही' म्हणायचं नाही, 'अजून आलं नाही' म्हणायचं. तो हाडात इतका मुरला आहे की परवा सुरेखाने विचारलं, तुम्हाला मिक्सरचं झाकण बसवता येत नाही का, तर मी म्हणालो, अजून आलं नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली आहेत.

पहिल्या प्रकरणात मी गोरक्षनाथ हेडसरांचं चरित्र लिहिलं. मिरजगावच्या अलीकडे फाट्यावरून आत, त्या धोंडमाळावर, जिथे बाभळसुद्धा विचार करून उगवते, तिथे या माणसाने पत्र्याच्या दोन खोल्यांत 'कुमार निवास विद्यालय' काढलं. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डीपर्यंतच्या गावांतून पोरं निवडायची, ठेवून घ्यायची आणि माणूस करून परत द्यायची. (परत द्यायची हा भाग मागे पडला. पोरं पुण्याला गेली.) मुंडण म्हणावं इतके बारीक केस, खाकी अर्धी चड्डी, भाकरी लागेल तेवढी घ्या पण ताटात कण उरता कामा नये आणि दर शनिवारी इंग्रजीतून अर्ज. कोणाला, तर कलेक्टरला. कशाबद्दल, तर आमच्या गावाला रस्ता मिळावा. पाच वर्षं दर शनिवारी आम्ही तो अर्ज लिहिला. तो कधी पोस्टात पडला नाही, रस्ता झाला नाही, पण आमचा अर्जाचा हात असा काही बसला की अर्धा वर्ग सरकारी नोकरीत गेला आणि पुढे इतरांचे रस्त्याचे अर्ज फेटाळायला बसला.

शाळेच्या स्वभावाबद्दल लिहायला गेलो तर एकच शब्द सुचतो, ताठा. बारा वर्षांच्या पोराला सगळा तालुका 'निवडीचा' म्हणून ओळखायचा. सुट्टीत गावी गेलो की पारावरची म्हातारी माणसं सरकून जागा द्यायची. तेराव्या वर्षी मला दोन स्थळं सांगून आली होती, आठवतं? सासऱ्यांनी सुरेखा मला दिली तीसुद्धा पोरगा निवडीचा आहे एवढ्याच भांडवलावर. (सुरेखा म्हणते, निवड त्यांनी केली आणि निस्तरते मी.) आजही आमच्या मंडळाच्या बैठकीत निवृत्त तहसीलदार, निवृत्त उपअभियंता, निवृत्त प्राचार्य असे सगळे निवृत्त बसलेले असतात, सगळ्यांचे दात नवे, गुडघे जुने, पण कोणी कधीही पाठ टेकून बसत नाही. हेडसर आत येतील अशी भीती अजून आहे. ते जाऊन तीस वर्षं झाली.

दुसरं प्रकरण झाडांचं. इथे तुझी रेंज जायची वेळ आली आहे हे मला कळतं, पण वाच.

निवडीच्या दिवशी प्रत्येक पोराने घरून एक रोप आणायचं, हा हेडसरांचा शिरस्ता. कडुनिंबाचं, चिंचेचं, करंजाचं, ज्याच्या गावात जे उगवेल ते. जूनच्या उन्हात जो पोरगा एवढंसं रोप जगवत आणू शकतो तो पुढे काहीही जगवेल, असं त्यांचं म्हणणं. आपण दोघांनी तुमच्या गोठ्यामागच्या कडुलिंबाखालची जुळी रोपं उपटली होती, माझं डालड्याच्या डब्यात, तुझं फुटक्या घागरीच्या बुडात. एसटीत तू दोन्ही मांडीवर घेऊन बसलास, कारण मला गाडी लागत होती. दिवसभर पेपर, मग तोंडी, मग सगळी पोरं गेटाबाहेर आणि हेडसर आत दगडी चौथऱ्यावर. ते चाळीस नावं पुकारायचे. ज्याचं नाव येईल त्याने रोप घेऊन आत जायचं आणि स्वतःच्या हाताने खड्डा खणून लावायचं. चाळिसावं नाव झालं की ते म्हणायचे, 'बाकीच्यांनी सुखरूप घरी जावं,' आणि गेट लागायचं. कारण सांगायची पद्धत नव्हती. तोंडी परीक्षेला तू माझ्यापेक्षा चांगलं बोललास, सर तुझ्या उत्तराला हसलेसुद्धा, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. माझं नाव आलं तेव्हा तू पाठीत बुक्की घालून मला आत ढकललंस. मी खड्डा खणत होतो आणि कान गेटाकडे होते. माझा खड्डा गरजेपेक्षा कितीतरी खोल गेला, कारण तुझं नाव येईपर्यंत मला थांबायचं नव्हतं.

त्यानंतर पाच वर्षं तू आत्याने दिलेला डबा घेऊन यायचास, ऊसतोडीला गेला नसशील तेव्हा. शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे. गेटाबाहेर उभा राहून शीळ घालायचास आणि मी धावत बाहेर यायचो. शिपाई म्हणायचा, आत ये की रे, पाणी पी. तू म्हणायचास, 'न्हाई, हितंच बरं हाय.' पुढे तू कोपरगावच्या कारखान्याच्या ट्रकवर लागलास, मी बँकेत लागलो, शाळेने माझा सत्कार केला तेव्हा तू आत्याला घेऊन आलास, तिला आत पाठवलंस आणि स्वतः रस्त्याकडेला गाडीत बसून राहिलास. डिझेल पाहतो म्हणालास. डिझेल दोन तास पाहायची वस्तू नाही, आसाराम.

बरं, मूळ मुद्दा. मी झाडांचं प्रकरण घरी बसून, पंखा लावून, डोळे भरून लिहिलं. शाळेचं आवार कसं हिरवंगार आहे, पिढ्यांमागून पिढ्यांनी आंघोळीचं पाणी घालून कशी वनराई उभी केली आहे, वगैरे. गहिनीनाथला (आमचा सेक्रेटरी, निवृत्त उपअभियंता, तुला त्याचा आवाज माहीत आहे) ते इतकं आवडलं की त्याने ते प्रकरण परस्पर 'हरित परिसर' नावाच्या कुठल्याशा पुरस्कारासाठी धाडून दिलं. आणि गेल्या महिन्यात ते पाहायला वनखात्याच्या सुकन्या मॅडम जीप घेऊन हजर. आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून उभे. नारळ, शाल, बुके. मॅडम म्हणाल्या, सत्कार नंतर, आधी वनराई.

आम्ही त्यांना हॉलच्या मागे घेऊन गेलो. मागे मी किती वर्षांनी गेलो असेन देव जाणे; कार्यक्रम हॉलमध्ये होतात, जेवणं व्हरांड्यात होतात, मागे जायचं कारण पडत नाही. आसाराम, मागे काही नाही. पेव्हिंग ब्लॉक आहेत, एक पत्र्याची शेड आहे आणि चार लिंब आहेत, त्यांतल्या दोघांना कपडे वाळत घालायची तार बांधली आहे. मग आठवायला लागलं. हेडसरांना ओळी आवडायच्या, म्हणून झाडं हातभर अंतरावर, कवायतीला उभी केल्यासारखी. कोणाचं झाड कोणापेक्षा उंच वाढू नये म्हणून दर दिवाळीला सगळ्यांचे शेंडे एका दोरीत छाटायचे. खाली मुरूम आणि वर आमच्या आंघोळीचं पाणी, तेही बहात्तरच्या दुष्काळात आंघोळच बंद झाली तेव्हा संपलं. माझं झाड त्याच साली गेलं. उरलेली खेळाच्या मैदानात गेली, मग शेडमध्ये, मग आमदार निधीत.

मॅडमनी माझं प्रकरण हातात धरून आवाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणणार होतो की वनराई अजून आली नाही. तेवढ्यात त्यांची नजर गेटाबाहेर गेली. फाट्यापासून शाळेपर्यंतचा तो रस्ता तू पाहतोस ना? दोन्ही बाजूंनी लिंब, चिंच, करंज, मध्येच एखादा वड, वर फांद्या एकमेकांत शिरलेल्या. हायवे चौपदरी झाल्यापासून तिकडे तर खुंटसुद्धा राहिला नाही, त्यामुळे मैलोन्‌मैल तेवढीच काय ती सावली. मालट्रकवाले तिथे जेवतात. आम्ही पाच-पाच वर्षं त्या सावलीतून गेलो आणि ती झाडं सरकारने लावली असणार असं समजत आलो. मॅडमनी विचारलं, 'मग ही कोणी लावली?'

यापुढचं लिहिताना मला लाज वाटते, पण हसूही येतं.  मग गहिनीनाथ पुढे झाला, सर्वांत जवळच्या चिंचेवर हात ठेवला आणि उपअभियंत्याच्या आवाजात म्हणाला, 'ही आमचीच.' बस्स. त्यानंतर निवडीचे सगळे म्हातारे रस्त्यावर पांगले. जो तो आपापलं झाड ओळखू लागला. प्राचार्यांनी एका करंजाला ओळखलं, त्यावर तहसीलदारांनी हरकत घेतली, दोघांत वयावरून वाद झाला (करंजाच्या). मॅडम बिचाऱ्या खूष होऊन प्रत्येकाचं नाव मोबाईलवर टिपून घेत होत्या, कारण लावणाऱ्याच्या नावाची पाटी प्रत्येक झाडाला लावायची त्यांची योजना होती. झाडाला मिठी मारून फोटो काढला. मीही मारली. रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीजवळच्या मोठ्या लिंबाला. माझे हात त्याला निम्मेसुद्धा पुरले नाहीत.

हे चाललं असताना एक दूधवाला मोपेडवर आला. वाल्मिक नाव, जवळच्याच वाडीचा, वयाने आपल्याएवढा. रोज डेअरीला जाताना तो तिथे थांबतो म्हणे. त्याने गाडी स्टँडला लावली, तहसीलदारांकडे थोडा वेळ पाहिलं आणि अगदी नरमाईने म्हणाला, 'सायब, झाड सोडा. माजं हाय त्ये.'

तहसीलदार म्हणाले, विद्यार्थी असताना मी लावलं आहे. वाल्मिक म्हणाला, 'तुमी आत लावलं आसंल. ह्ये भायेरचं हाय. मला घेतलं न्हवतं, तवा म्या हितं लावलं.'

आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं. ज्यांना घेतलं नाही ती पोरं हातात रोप घेऊन परत निघायची. रोप हातात घेऊन एसटीतून उतरलं की सगळ्या गावाला न विचारता निकाल कळणार. टाकून द्यायला जीव होत नसणार, घरून जगवत आणलेलं. मग फाट्यापर्यंत जाताजाता जिथे रडू आवरायला थांबायचे, तिथेच बोटांनी माती उकरून लावून टाकायचे. वर्षानुवर्षं. शाळेने आत घेतली ती झाडं गेली आणि परत पाठवली त्यांनी रस्ता झाकून टाकला. मॅडमनी हळूच विचारलं, आणि बाकीची झाडं? वाल्मिक म्हणाला, 'बाकीची बाकीच्यांची.'

गहिनीनाथने चिंचेवरचा हात काढून खिशात घातला.

वाल्मिकने निरोप कसे धाडले कोण जाणे, पण पुढच्या रविवारी ते सगळे आले. मोटारसायकली, टेम्पो, एक छोटा हत्ती भरून. मिरजगावचे, माहीजळगावचे, पार जामखेडच्या पलीकडचे. जे हयात नाहीत त्यांची मुलं आली, बापाने दाखवलेलं झाड शोधत. प्रत्येक जण आपल्या झाडाखाली जाऊन बसला, कोणाला शोधावं लागलं नाही. भाकरी सोडल्या, भेळ केली, आम्हालाही दिली. मागचे सगळे हिशेब काढतील या भीतीने आम्ही गेटाच्या आत घोळका करून उभे होतो, पण कोणी काही काढलं नाही. पाट्यांसाठी टिपलेली नावं तेवढी मॅडमकडून नीट करून घेतली. मी चहा सांगितला आणि म्हणालो, आत चला, हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या आहेत. तर वाल्मिक हसत म्हणाला, 'आत कसं यायाचं? आमचं नाव कुटं पुकारलंय आजून?'

सगळे खो-खो हसले. आम्हीही हसलो. पण गेट सताड उघडं होतं आणि एकही माणूस आत आला नाही, आसाराम. नातवंडं आत पळाली तर त्यांनासुद्धा हाका मारून बाहेर बोलावलं. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही. सुरेखाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, आसाराम तिथे नव्हता. असता तर बरं झालं असतं, आणि नव्हता तेही बरंच झालं.

सत्काराच्या भाषणात मी नेहमी म्हणतो की या शाळेने मला एकोणचाळीस भाऊ दिले. खरं आहे. त्यातले वीस-बावीस उरले आहेत, एकमेकांच्या शुगर आणि बायपासची चौकशी करतो. पण होता तो एक भाऊ गेटाबाहेर राहिला, हे मी कधी म्हटलं नाही, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत. हेडसर वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे चाळीस ताटं होती. एकेचाळिसावं ताट त्यांनी कुठून आणायचं, हे मला आजही सांगता येत नाही. तरीही मला वाईट वाटतं. फार वाटतं. तू आत आला असतास तर कोण झाला असतास हा प्रश्न नाही, तू जो आहेस तो मला पुरेसा आहे. पण ती पाच वर्षं आपण दोघांनी एका पत्र्याखाली काढली असती. मला रात्री घराची आठवण यायची तेव्हा शेजारच्या वळकटीवर तू असतास. ते गेलं, आणि मे महिन्यात ती जागाही जाईल.

झाडांचं ते प्रकरण मी फाडून टाकलं आहे. नवं अजून आलं नाही.

वहिनींना नमस्कार, धाकट्या नातवाला, ओमला आशीर्वाद, आणि ते गुडघ्याचं मनावर घे.

तुझा,
रामहरी

ता. क. एक सांगायचं राहिलं. मंडळाने ठरवलं आहे की फेब्रुवारीत भाषणं करायची नाहीत. (गहिनीनाथ आजारी पडेल अशी भीती आहे.) संध्याकाळी हेडसरांच्या चौथऱ्यावरून राहिलेली नावं पुकारायची, सापडतील तेवढी सगळी, आणि ज्याचं नाव येईल त्याने आत यायचं. पुकारायचं काम माझ्याकडे आहे. आवाज बसला आहे, पण पहिलं नाव पुकारण्यापुरता निघेल. ते कोणाचं हे तुला सांगायला नको. येताना एखादं रोप आण, मागे पुष्कळ जागा आहे. ब्लॉक काढायला माणूस सांगून ठेवला आहे. शाळा मेमध्ये बंद झाली तरी झाडाला सुट्टी नसते. गाडी अगदी चौथऱ्यापर्यंत येते, गुडघ्याची सबब चालणार नाही.

ता. क. (दुसरा). त्या रविवारी सगळ्या पाट्या नीट झाल्या, एक सोडून. मोरीजवळच्या लिंबाला कोणी धनी आला नाही, म्हणून त्याच्या पाटीवर अजून माझंच नाव आहे. परवा चांगुणावहिनींशी बोलताना सहज समजलं की तोडणी मजुरांच्या टोळ्या आणायला तू इकडे यायचास, तेव्हा फाट्यावरून ट्रक आत घालून मोरीजवळ थांबवायचास आणि रेडिएटरसाठी ठेवलेलं पाणी एका लिंबाला घालायचास. क्लीनर विचारायचा, तर म्हणायचास, 'गप बस, वळखीचं हाय.'

ता. क. (शेवटचा, हा वहिनींना वाचून दाखवू नकोस). मॅडमना एक फोन केला असता तर पाटीवरचं नाव बदललं असतं. मी केलेला नाही, करणारही नाही. पाटी तयार होऊन आली आहे, 'वृक्षारोपण : रामहरी', ठळक अक्षरांत, आणि मी भेटेल त्याला सांगतो आहे की मोरीजवळचा लिंब माझा. मी तुला लहानपणापासून ओळखतो. तू कोणाकडे काही मागणार नाहीस, बोलावलं तर 'बघू' म्हणशील. पण तुझा भोवरा उचलणाऱ्या पोराच्या मागे तू तीन गावं पळाला होतास. मायेने येणार नसशील तर भांडायला ये. काठी आण हवी तर. फक्त या वेळी शीळ घालू नकोस. मी गेटाच्या आत उभा असेन आणि बाहेर येणार नाही.